गुलाबाची पाने आणि शेजारधर्म
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



'गुलाबाच्या पानांवरचे रोग' या विषयावर चार शब्द बोला, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही शेतकी कॉलेजात शिकलेली नाही. माझे जे काही शिक्षण झाले ते पुण्यातल्या आमच्या घरामागच्या लहानशा अंगणात, आणि तेही बहुतेक चुका करूनच. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "मग चुकाच सांगा. त्या ऐकायला बायका उठून जायच्या नाहीत." तेव्हा आज मी आपणापुढे माझ्या चुका घेऊनच उभी आहे. त्यांतली एक चूक बागेतली आहे आणि दुसरी शेजारातली. दुसरी ज्यांच्याबाबतीत घडली त्या आमच्या शेजारच्या वहिनी समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी बोलत आहे.

आमच्या अंगणात देशी गुलाबाची आठ झाडे आहेत. सासूबाईंनी लग्नानंतर माहेराहून एक फांदी आणून लावली, तिचाच हा सगळा परिवार. चैत्रात त्यांना भरभरून फुले येत, आणि सासूबाई पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर बरणीत भरून ती उन्हात ठेवीत. उन्हाळ्यात त्या गुलकंदाची एक वाटी कुंपणावरून वहिनींकडे जायची आणि तिकडून कैरीच्या पन्ह्याचा तांब्या यायचा. हा व्यवहार किती वर्षे चालला होता ते आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी श्रावण सरता सरता आमच्या झाडांच्या पानांवर काळे डाग दिसू लागले. आधी खालच्या पानांवर दोन-चार, मग वर वर. डागाभोवती पान पिवळे पडायचे आणि हात लावला की गळून यायचे. नवरात्र आले तेव्हा झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. मी कुंपणापलीकडे पाहिले, तर वहिनींच्या गुलाबांवरही तेच डाग! वहिनींचा स्वभाव सावकाश. त्यांच्या झाडांखाली गळलेली पाने आठ-आठ दिवस पडून असत. झाले, माझ्या मनाने निकाल देऊन टाकला की रोग तिकडूनच आला. मनात ठेवले असते तरी बरे, पण मी ते बोलूनही दाखवले. आणि बोलण्याचा सूर, आता आठवला तरी लाज वाटते, असा होता. वहिनी एक अक्षरही बोलल्या नाहीत. त्या वर्षी दिवाळीच्या फराळाचे ताट इकडून तिकडे गेले नाही आणि तिकडून इकडे आले नाही.

वहिनींशी अबोला धरून झाल्यावर मी औषधाकडे वळले. दुकानातून कसल्याशा कीटकनाशकाची बाटली आणली आणि दर पंधरा दिवसांनी अशी तीन वेळा फवारली. डाग तसेच राहिले. मात्र फुलांवर येणाऱ्या मधमाश्या दिसेनाशा झाल्या, आणि मावा खाणारे ते लाल पाठीचे, ठिपक्याठिपक्यांचे किडे जमिनीवर मरून पडलेले सापडले. पुढे उन तापू लागताच त्याच झाडांवर लाल कोळी इतका माजला, की पाने राखेच्या रंगाची झाली. त्याला खाणारे किडे मी आधीच मारून बसले होते ना! 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' म्हणतात, त्यातला हा प्रकार. पानांवरचा रोग होता बुरशीचा, आणि मी मारीत होते किडे.

डोळे उघडले ते मार्गशीर्षात. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. वहिनींच्या झाडांना नवी, स्वच्छ, तांबूस पालवी आली होती. त्यांनी ना औषध मारले होते, ना माझ्यासारखी धावपळ केली होती. आमच्या झाडांना मात्र पालवी आली की पंधरा दिवसांत तिच्यावर पुन्हा डाग. आठांपैकी सात झाडांची ही गत. आठवे झाड तुळशीवृंदावनाजवळच्या कोपऱ्यातले. ते त्याच फांदीपासून झालेले, त्याच मातीतले, आणि पावसात त्यालाही डाग आलेच होते. पण आता ते हिरवेगार उभे होते. हे कसे?

कारण एवढेच, की माझ्या हातातला पाइप तिथवर पोचत नव्हता. सात झाडांना मी रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास पाइपाने नखशिखान्त न्हाऊ घालीत असे. दिवसभराची धूळ जावी, पाने टवटवीत दिसावीत, ही माझी हौस. कोपऱ्यातल्या झाडाला सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या मुळाशी ओतीत. मी त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, झाडाला तहान मुळाशी लागते. डोक्यावर पाणी ओतून त्याची तहान कशी भागायची?"

आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक वनस्पतींच्या रोगांचे जाणकार आहेत. त्यांना मी दोन पाने नेऊन दाखवली. त्यांनी जे सांगितले ते मी आपणाला जसेच्या तसे सांगते, कारण साऱ्या भाषणाचा गाभा तोच आहे.

या रोगाला काळे ठिपके म्हणतात. तो करणाऱ्या बुरशीचे शास्त्रीय नाव डिप्लोकार्पन रोझी. तिचे बीज, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू, गळलेल्या पानांत आणि फांद्यांवरच्या डागांत दडून राहतात. पाण्याचा थेंब वरून आदळला की त्याच्या शिंतोड्याबरोबर ते जवळच्या पानावर उडतात. पण नुसते उडून भागत नाही. पान सलग सात तास तरी ओले राहिले, तरच ते बीज पानात शिरू शकते. एकदा शिरले की तीन ते सोळा दिवसांत डाग दिसू लागतो, आणि त्या डागातून पुन्हा नवे बीज तयार होते. चोवीस-पंचवीस अंश उष्णता त्याला फार मानवते. आपल्याकडचा श्रावण-भाद्रपद म्हणजे त्याचे माहेरच!

प्राध्यापकांनी मला विचारले, "संध्याकाळी सहाला पाणी घालता, तर थंडीच्या दिवसांत पाने वाळतात केव्हा?" मी मनात हिशेब केला. सूर्य वर येऊन आठ वाजेपर्यंत, म्हणजे चौदा तास! रोगाला सात पुरतात, मी चौदा देत होते. शिवाय पाइपाच्या धारेने खालच्या पानांवरचे बीज वरच्या पानांवर मीच उडवीत होते.

मग मी भीत भीत कुंपणाविषयी विचारले. ते हसून म्हणाले, "शिंतोडे उडून उडून किती लांब जाणार? चार-दोन फूट." आमची झाडे आणि वहिनींची झाडे यांत पंधरा फुटांचे अंतर आहे. पुढे ते म्हणाले, "लांबवर हा रोग जातो तो बहुधा माणसाच्या हाताने. रोगट कलमातून, कात्रीतून, ओल्या झाडांत काम करणाऱ्याच्या कपड्यांतून." तेव्हा मला आठवले, की वहिनींची झाडे कोणाकडून आली होती? माझ्याकडून! आदल्या पावसाळ्यात मीच आमच्या झाडांच्या फांद्या कापून त्यांना मोठ्या प्रेमाने दिल्या होत्या. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ते हे असे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वहिनींकडे गेले. तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हटले, "वहिनी, रोग तुमच्या अंगणातला नव्हता. माझ्या पाइपातला होता." त्या म्हणाल्या, "मला कुठे ठाऊक होतं? मला वाटलं, खरंच माझ्या पाचोळ्यामुळे तुमच्या सासूबाईंची झाडं गेली." भगिनींनो, चार महिने त्या बाईने तो ठपका मनावर वागवला होता. गुलाब पुन्हा फुलतात, पण असले शब्द परत घेता येत नाहीत, एवढे मी त्या दिवशी शिकले.

असो. आता कामाचे बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे रोग ओळखणे. पान पिवळे पडले की लगेच औषध, असे करू नये. पिवळ्या पानाची कारणे अनेक असतात. डाग काळा, वाटोळा, पानाच्या वरच्या बाजूला, आणि त्याची कड रेशमी झालरीसारखी फाटकी-फाटकी असेल, तर तो काळ्या ठिपक्यांचा रोग. कोवळ्या पानांवर, कळ्यांच्या देठांवर पिठी भुरभुरल्यासारखी दिसत असेल आणि पाने आकसून वळत असतील, तर ती भुरी. पानांवर बारीक बारीक फिकट टिपके, पालथ्या बाजूला अगदी सूक्ष्म जाळे आणि हलणारे लाल कण असतील, तर तो लाल कोळी, तो उन्हाळ्यातला. आणि कोवळे पान पिवळे पण शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील, तर तो रोगच नव्हे. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही, त्याची ती खूण. चौघांचे उपाय चार आहेत.

यांत एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. काळ्या ठिपक्यांना पान ओले लागते, पण भुरीला ओल्या पानाची गरज नसते. कोरडे दिवस आणि गार, दमट रात्री असल्या की ती पसरते, म्हणून पुण्याकडे ती हिवाळ्यात दिसते. लाल कोळ्याला तर पाण्याचा तिटकारा. उन्हाळ्यात सकाळी पानांच्या पालथ्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हे त्याचे सोपे औषध आहे. म्हणजे पाणी तेच, पण वेळ आणि जागा पाहून ते औषध होते किंवा विष. फवारा मारावयाचा तो सकाळीच, म्हणजे दोन तासांत पाने सुकतात.

दुसरी गोष्ट झाडांची राहणी. गुलाबाला रोज पाच-सहा तास तरी ऊन हवे. दोन झाडांत दोन-अडीच फूट अंतर हवे, म्हणजे वारा खेळतो आणि पाने लवकर वाळतात. गच्चीत किंवा बाल्कनीत कुंड्या ठेवणाऱ्या भगिनींनी कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत, आणि पावसाळ्यात त्या वळचणीच्या धारेखाली तर मुळीच नकोत. पाणी सकाळी आणि मुळाशी. पावसाळा लागण्यापूर्वी जमिनीलगतची नऊ-दहा इंचांपर्यंतची पाने काढून टाकावीत, कारण मातीवरचा शिंतोडा पहिल्याने तेथे पोचतो. बुंध्याभोवती वाळलेल्या गवताचा किंवा उसाच्या पाचटाचा थर द्यावा. तो ओल टिकवतो आणि शिंतोडेही अडवतो.

तिसरी गोष्ट केरसुणीची, आणि ही फुकटची आहे! डाग पडलेले पान दिसले की खुडावे. गळलेले रोज वेचावे. ही पाने खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, ती कागदात बांधून केरात द्यावीत. मात्र एका दिवसात सगळे झाड ओरबाडू नये, कारण झाड पानांवरच जेवते. आणि पाने वेचायची ती झाड कोरडे असताना. ओल्या झाडात हात घातला की आपणच बीज वाहून नेतो.

चौथी गोष्ट छाटणी. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात छाटणी करतो, तेव्हा उरलेली जुनी पाने सगळी काढून टाकावीत आणि डागाळलेल्या फांद्याही कापाव्यात. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी. कापलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली खाली वाळत जाते, हा आपल्याकडचा आणखी एक वाईट रोग. त्यासाठी काळा भाग संपून आतला गर पांढरा दिसेल तेथपर्यंत फांदी कापावी आणि टोकाला बोर्डो मलम लावावे.

आता औषधे. बोर्डो मिश्रणाचे नाव द्राक्षबागाईतदारांच्या घरच्या भगिनींना चांगले ठाऊक असेल. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बाजूला रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर वाटसरूंनी हात टाकू नये म्हणून मोरचूद आणि चुना यांचे निळे पाणी शिंपडीत असत. त्याच वेली केवड्यापासून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या ध्यानी आले, आणि १८८५ साली त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांसाठी केलेली युक्ती रोगाला लागू पडली! गुलाबाच्या पानांसाठी ते सौम्य करावे. एक लिटर पाण्याला मोरचूद ५ ग्रॅम आणि कळीचा चुना ५ ग्रॅम पुरे. दोन्ही निरनिराळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत, अर्ध्या अर्ध्या पाण्यात विरघळवावे, गाळावे आणि मग एकत्र करावे. लोखंडी किंवा पितळी भांडे वापरू नये. मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा क्षणभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पूट चढले तर चुना कमी आहे, आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. औषध रोग झालेले पान बरे करीत नाही, निरोगी पान राखते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडीच सुरुवात करावी, आणि पावसाने उघडीप दिली की आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक मिळते. ते एका लिटरला २ ग्रॅम घ्यावे. पण भर उन्हाळ्यात गंधक वापरू नये, पाने करपतात. स्वयंपाकघरातला उपाय हवा असेल त्यांच्यासाठी दोन आहेत. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, खाण्याचा सोडा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी सोडा आणि बागेसाठीचे हलके तेल मिळून गुलाबावर वापरले, आणि भुरी व काळे ठिपके दोन्ही कमी झाल्याचे १९९२ साली प्रसिद्ध केले. दुसरा उपाय दुधाचा. ब्राझीलमधील शास्त्रज्ञ बेत्तिओल यांनी भोपळ्याच्या जातीच्या वेलींवर गाईचे दूध पाण्यात घालून आठवड्याला फवारले. दहा भागांत एक भाग दूध एवढ्या प्रमाणातही भुरी चांगली आटोक्यात राहिली. हे १९९९ साली छापून आले. मी गुलाबाच्या भुरीवर ते करून पाहिले आहे आणि मला गुण आला. काळ्या ठिपक्यांवर मात्र दुधाची फारशी आशा धरू नये. सोडाही हात सैल सोडून वापरू नये, कारण तो मातीत साठतो. कोणतेही औषध आधी दोन पानांवर लावून दोन दिवस पाहावे.

आणि एक विनवणी. ज्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदात घालावयाच्या, ज्याचे फूल मुलांच्या हाती द्यावयाचे, त्यावर दुकानातले कसलेही विष मारू नका. फवारताना नाक-तोंड बांधा, बाटलीवरची सूचना वाचा, आणि औषध कधीही सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नका.

शेवटची गोष्ट निवडीची. पिवळे गुलाब आपणा सर्वांना आवडतात, पण त्यांना काळे ठिपके अधिक का होतात ठाऊक आहे? फ्रान्समधील पेर्ने-द्यूशे यांनी इराणकडच्या पिवळ्या गुलाबाचा संकर करून १९०० साली 'सोलेय दॉर' हा गुलाब आणला. बागेतल्या गुलाबांत तो झळझळीत पिवळा रंग तेव्हापासून आला, आणि रंगाबरोबर त्या वंशाची ठिपक्यांची खोडही आली. रूप पाहून सून केली आणि आजार घरात आला, तसेच काहीसे! उलट, गुण पाहून निवड करणारेही झाले. अमेरिकेत रॅडलर यांनी ठिपक्यांना सहसा दाद न देणारा 'नॉक आउट' गुलाब तयार केला. तो २००० साली बाजारात आला. आपल्या देशात डॉ. बी. पी. पाल यांनी गव्हाच्या तांबेऱ्याला तोंड देणारे वाण तयार करण्यात आयुष्य वेचले. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. आणि तेच गृहस्थ फावल्या वेळात गुलाबाच्या नव्या जाती करीत. पोटाचे पान आणि मनाचे फूल, दोन्ही त्यांनी जपले. तेव्हा रोप घेताना नुसते फूल पाहू नका. पावसाळ्यात जाऊन त्याची पाने पाहा.

सासूबाई आज नाहीत. पण त्यांची आठही झाडे आहेत. पावसात आजही त्यांच्यावर चार डाग पडतातच. रोग मुळापासून गेला, अशी बढाई मी मारणार नाही. पण दिवाळीपर्यंत पालवी स्वच्छ होते आणि चैत्रात फुले येतात. पाइप मी माळ्यावर टाकला आहे, आणि तांब्या हाती घेतला आहे. या वर्षी गुलकंदाच्या दोन बरण्या झाल्या. एक कुंपणापलीकडे गेली, आणि तिकडून पन्हे आले.

आपल्या मंडळाच्या अंगणातही गुलाबांचा एक वाफा आहे, आणि त्याला रोज संध्याकाळी आपण सगळ्या मोठ्या हौसेने पाइपाने न्हाऊ घालतो. उद्यापासून ते काम सकाळच्या वर्गाच्या भगिनींनी घ्यावे, एवढी माझी सूचना आहे. गळलेली पाने वेचण्याचे काम मी आणि शेजारच्या वहिनी मिळून करू. त्यांनी मघाशीच मान डोलावली आहे.